मिठाचा मान

आमच्या घरी महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकात मीठ एकाच हातानं पडतं. नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी काही चाखायचं नाही, वाससुद्धा घ्यायचा नाही, हा नियम आईबाबांबरोबर नागपूरहून भोपाळला आला आणि तसाच राहिला. चाखायचंच नाही म्हटल्यावर दोघींनी मीठ टाकलं तर खारट, दोघींनी एकमेकींवर सोडलं तर अळणी. म्हणून आईनं ते काम एकीवरच सोपवलेलं, आणि दहावीपासून ती एक म्हणजे मी. सोळा भाज्या, कढी, कोशिंबिरी, सगळ्यांत अंदाजानं मीठ घालायचे आणि कधी चुकायचे नाही. पहिला घास घेतला की पाहुणे म्हणायचे, विनिताच्या हाताला माप आहे. यंदा आईनं मिठाचा डबा माझ्या धाकट्या बहिणीच्या, पल्लवीच्या हातात दिला.

"तू बस गं राणी, दमशील," आई मला म्हणाली.

राणी! मी आजारी पडेपर्यंत आईनं मला जन्मात कधी राणी म्हटलं नव्हतं. घोडी म्हणायची, फार तर बाईसाहेब.

आजाराचं सांगूनच टाकते. गेल्या हिवाळ्यात मला वाटायला लागलं की एम. पी. नगरच्या आमच्या ऑफिसात लोक चहाचे कप ज्या तऱ्हेनं टेबलावर ठेवतात, त्यात माझ्याविषयी काहीतरी ठरलेलं आहे. मग एक बाई माझ्या कानामागून बोलायला लागली. आता ही जिना उतरते, आता ही घाबरली, असं माझंच मला सांगायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि गोळ्यांनी फरक पडला, ते मी नाकारत नाही. कप पुन्हा नुसते कप झाले. ती बाई आता क्वचित येते, आली तरी पुटपुटते. पण माझं वजन वाढलं, सकाळी डोकं जड असतं, आणि मैत्रिणींना मला फोन करायची भीती वाटते. त्या पल्लवीला फोन करतात आणि विचारतात, विनिता कशी आहे? मी शेजारच्याच खुर्चीत बसलेली असते.

मी पल्लवीवर जळते. लपवून काय करू? माझ्या स्कूटीची किल्ली तिच्याकडे, माझ्या मैत्रिणी तिच्याकडे. पण सगळ्यात जास्त कशावर जळत असेन, तर आई तिच्यावर ओरडते त्यावर. घरी यायला उशीर झाला, दूध उतू गेलं, की आईच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो, आणि पल्लवी तोंड वर करून उलट बोलते. दोघींचं असं काही रंगतं की ऐकत राहावं. माझ्या हातून काचेचा ग्लास फुटला तेव्हा आई म्हणाली, "असू दे हं, लागलं नाही ना?" आणि कितीतरी वेळ माझ्या डोळ्यांत काहीतरी शोधत राहिली. एकदा चिडून मी दार आपटलं, तर तिनं बाहेरून हळूच विचारलं, "गोळी घेतलीस ना?" या घरात राग पल्लवीला येतो. मला फक्त त्रास होतो.

त्या दिवशी सकाळपासून मी सोफ्यावर होते. बाग सेवनियातलं आमचं घर काही मोठं नाही, बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरातलं सगळं दिसतं. पल्लवी डब्यातून मीठ घेत होती, ओठ दाबून, मान तिरकी करून, अगदी माझ्यासारखी. आई शेजारी उभी राहून म्हणाली, "बरोब्बर! तुझाही हात बसला बघ." मला वाटलं उठावं आणि तो डबा पल्लवीच्या डोक्यात घालावा.

मग पल्लवी साडी नेसायला गेली आणि आई मुखवट्यांचे हार सारखे करायला. कढी ओट्यावर होती. ती पुटपुटणारी बाई त्या वेळी गप्प होती, हे मला स्वच्छ आठवतंय. मी आत गेले, मूठभर मीठ घेतलं, कढीत टाकलं आणि पळीनं ढवळून सोफ्यावर येऊन बसले. मजा वाटत होती.

नैवेद्य झाला, आरती झाली, पानं वाढली. कोटऱ्याच्या लीलावतीकाकू, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावाची बायको, पंगतीत पहिल्या. त्यांनी कढीची वाटी तोंडाला लावली आणि लगेच खाली ठेवली.

"अगं बाई मंगला, कढी तर एकदम खारी झालीय! यंदा मीठ कुणाकडे होतं?"

"पल्लवीकडे," आई म्हणाली. पल्लवीचा चेहरा पडला. आईनं तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. मी मागोमाग दारात जाऊन उभी राहिले.

"लक्ष कुठे होतं तुझं? मोबाइलमध्ये? वर्षाचा सण, आणि तुला साधं मीठ कळत नाही?"

"आई, मी बरोबर टाकलं होतं, शप्पथ!"

"मग काय देवीनं टाकलं?"

मला आनंद व्हायला हवा होता. क्षणभर झालाही. पण आई तिला गदागदा हलवत होती, पल्लवी रडत रडत भांडत होती, आणि माझ्या पोटात नुसती आग पडली. करणी माझी, आणि बोलणीसुद्धा हिलाच मिळायची!

"मीठ मी टाकलं," मी म्हणाले. "मूठभर. मुद्दाम."

आईचा हात थांबला. तिच्या चेहऱ्यावरचा राग बघता बघता ओसरला आणि तो मऊ, सांभाळून घेणारा चेहरा परत आला.

"बरं हं. बस तू राणी. पाणी देऊ?" मग अगदी हळू आवाजात, "कुणी सांगितलं तुला टाकायला? ती बाई बोलली का?"

"कुणी नाही सांगितलं. मला हिचा राग आला. तुझा पण आला."

"हो, हो. आपण नंतर बोलू." गडबड ऐकून बाबा दाराशी आले होते, त्यांना ती म्हणाली, "अहो, डॉक्टरांना फोन लावा जरा. डोस बघायला लागेल."

बाबांनी खिशातून मोबाइल काढला आणि मला रडू फुटलं. वर्षभरात एक गोष्ट मी माझ्या मनानं केली होती, वाईट का होईना, तीही आजाराच्या नावावर चढली.

"बाबा, ठेवा तो फोन!" पल्लवीनं पदरानं नाक पुसलं. "डॉक्टरांना काय सांगणार? मोठी बहीण लहान बहिणीवर जळते? उसकी भी गोली आती है क्या?" मग ती माझ्यावर आली. "जळकुकडी! शरम नाही वाटली ताई तुला? काकूंसमोर माझी इज्जत घालवलीस!"

"तुझी इज्जत? माझा डबा घेतलास तू! गाडी घेतलीस, मैत्रिणी घेतल्यास!"

"घे ना परत! रोज तेच तेच विचारतात, बोर झालेय मी यार! तूच बोल त्यांच्याशी!"

आम्ही दोघी बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. आई एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. आता हिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला तर संपलंच सगळं, असं मला वाटत होतं.

"आवाज खाली," आई म्हणाली. "दोघींनीही. बाहेर पाहुणे बसलेत." बाबांना तिनं मानेनंच फोन नको म्हणून सांगितलं. "विनिता, चल. वहिनींना स्वतःच्या तोंडानं सांगायचं."

मी बाहेर गेले. सगळी पंगत हात थांबवून बघत होती. "काकू, कढीत मीठ मी टाकलं. पल्लवीवर जळून," मी म्हणाले.

काकूंचा चेहरा कळवळला. माझ्याकडे न बघता त्या माझ्यामागे उभ्या असलेल्या आईला म्हणाल्या, "असू दे गं मंगला. तिला काय कळतंय बिचारीला."

"तिला सगळं कळतं, वहिनी." आई म्हणाली. "ती आजारी आहे, गोळ्या घेते, ते सगळं खरं. डॉक्टरांनाही मी सांगणार आहे. पण हे तिनं मुद्दाम केलंय, आणि तिला हे चांगलं माहीत आहे."

मग ती माझ्याकडे वळली आणि सुरू झाली. देवीच्या नैवेद्यात हात घालताना काही वाटलं नाही का, इथून जी सुरुवात झाली ती थांबेचना. ओला टॉवेल पलंगावर टाकणं, उष्टं ताट तसंच ठेवून उठणं, बाबांशी धड न बोलणं, बहिणीकडे बघून तोंड फुगवणं, वर्षभरातलं सगळं तिच्या ध्यानात होतं. एकही गोष्ट ती विसरली नव्हती, नुसती गिळत राहिली होती. ओरडता ओरडता तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि माझ्याही.

"आई, आता पुरे," पल्लवी मध्येच म्हणाली.

"तू गप्प बस. मी हिच्याशी बोलतेय."

पल्लवीचं तोंड एवढंसं झालं, आणि मला फार बरं वाटलं.