टॅमर टीटरचं पान

“हे बायबल खोटं आहे, मावशी,” मी म्हणालो. “छापलंय १८५२ साली. आणि त्याच्या सत्तर वर्षं आधीपासूनचे घरातले सगळे जन्म कोऱ्या पानांवर एकाच शाईनं, एका बैठकीत लिहिलेत. कोण लिहील असं?”

“माझा चुलतभाऊ लिहील,” लिओटामावशी म्हणाली. “मेल्याला शाळेतही धड नक्कल करता यायची नाही.”

ओहायोतल्या आमच्या जिल्हा कोर्टाच्या दप्तरखान्यात मी एकतीस वर्षं कारकून आहे. पूर्वज शोधायला येणाऱ्या प्रत्येकाला सेनापती हवा असतो. निघतो तो बहुतेक डुक्कर चोरल्याबद्दल दंड भरलेला. पण लिओटा डंकल निराळी. शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं माझ्या अख्ख्या पिढीला खाऊ घातलं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांच्या वंशजांचं गावात एक मंडळ आहे, त्याचं ऑक्टोबरातलं जेवणही सव्वीस वर्षं तिनंच रांधलं. आता ऐंशीव्या वर्षी तिला त्या टेबलाशी सभासद म्हणून बसायचं होतं.

तिच्या पूर्वजांत तसा सैनिक होता, एझ्रा टीटर. त्याची मुलगी डोर्कस. डोर्कसपासून मावशीपर्यंतचे दाखले मी गोळा केले होते. डोर्कस एझ्राचीच, एवढा एकच पुरावा मिळत नव्हता.

शेवटी एझ्राच्या विधवेची, टॅमरची, पेन्शनची फाइल राजधानीतून मागवली. त्या काळी बायका लग्नाचा पुरावा म्हणून घरच्या बायबलातलं जन्म-लग्नांच्या नोंदींचं पानच फाडून पाठवायच्या. टॅमरनंही पाठवलं होतं. ‘डोर्कस, एझ्रा व टॅमर यांची मुलगी, नोव्हेंबर १७८०.’ मी टेबलावर थाप मारली. मग पानाची दुसरी बाजू पाहिली. लग्न, मार्च १७८२.

मावशीनं बोटांवर महिने मोजले. “अगं बाई,” ती हळूच म्हणाली. “मंडळात अर्ज ती चिटणीस मिसेस रस्क वाचते ना?”

“भर सभेत, मोठ्यानं.” मी आवाज खाली आणला. “आपण जन्माचीच बाजू जोडू. लग्नाची तारीख सापडली नाही म्हणू.”

एकतीस वर्षांत असं माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. पण तिला त्या टेबलाशी बसलेली बघायची मला फार इच्छा होती.

“तो खालचा कागद कसला?” तिनं विचारलं.

टॅमरचा कोर्टातला जबाब होता. मी वाचून दाखवला. ‘वय पंचाहत्तर. तारखांत काही चूक आहे का, असं साहेबांनी विचारलं. चूक नाही. मुलगी झाली तेव्हा एझ्रा लढाईवर होता. आला तेव्हा लग्न केलं. पान आहे तसं घ्यावं.’ खाली सही नव्हती. फुली होती.

“पेन्शन मिळाली तिला?”

“मिळाली.”

“लिहिता येत नव्हतं बाईला,” मावशी म्हणाली, “तरी खोटं लिहून घेतलं नाही. आण तो अर्ज इकडे.” आणि दोन्ही तारखा तिनं स्वतःच्या हातानं, ठळक भरल्या.

ऑक्टोबरात मी पाहुणा म्हणून गेलो. अर्ज वाचताना नव्या सभासदानं उभं राहायचं, अशी रीत आहे. मावशी निळा झगा घालून उभी राहिली. मिसेस रस्कनी अर्ध्यावर थांबून चष्मा सावरला.

“लिओटा, या तारखा मागंपुढं झाल्यात वाटतं. घाईत होतं असं. दुरुस्त करून घेऊ आपण.”

सुटायला दार उघडं होतं. मावशीनं खुर्चीची पाठ धरली.

“तारखा बरोबर आहेत, मिसेस रस्क,” ती म्हणाली. “डोर्कस आईबापांच्या लग्नाला हजर होती.”

कुणीतरी फिसकन हसलं. मग बरंच कुणी हसलं. मिसेस रस्क हसल्या नाहीत, पण त्यांनी सभासदांची वही पुढं ओढली आणि नाव लिहायला घेतलं. मावशी खाली बसली आणि तिनं मांडीवर रुमाल पसरला.