पाठ असलेली गोष्ट

“कोण गं बाई तू? बस ना, उभी का?”

आईचा तो आवाज परीक्षाबाईंच्या कानातून कधी गेलाच नाही. कॉलेजातून घरी आलेल्या पोटच्या पोरीला आईनं पाहुणीसारखं बसायला सांगितलं होतं. त्या आवाजात राग नव्हता, लोभही नव्हता, होता तो नुसता परका गोडवा. आज परीक्षाबाई त्या वेळच्या आईच्या वयाला पोचल्या होत्या.

माणसांची आठवण तपासायचं काम त्यांनी धरलं ते त्या आवाजाच्या भीतीनंच. रुग्णालयाच्या मागच्या अंगाला त्यांची खोली, खोलीत एक टेबल आणि दोन खुर्च्या. त्या कुणालाही परीक्षेला बसवतात म्हणून सगळे त्यांना परीक्षाबाई म्हणत. समोर बसलेल्याला त्या एक गोष्ट वाचून दाखवत: टपालवाला पुलावरून चालला होता, त्याची पिशवी फाटली, पत्रं पाण्यात पडली, धोबिणीनं ती काठीनं ओढून काढली आणि दोरीवर वाळत घातली. मग त्या माणसाला दुसऱ्याच कामात गुंतवायचं आणि थोड्या वेळानं म्हणायचं, “सांगा बघू मघाची गोष्ट.” वर्षानुवर्षं सांगून ती गोष्ट बाईंच्या जिभेवर भाजी चिरतानाही यायची. नियम एकच होता. एकदा ऐकवलेली गोष्ट त्याच माणसाला पुन्हा ऐकवायची नाही. दुसऱ्या खेपेला दुसरी गोष्ट, माळ्याची.

त्या दिवशी दुपारी समोर क्रेनवाला होता. शिडीवरून पडून त्याच्या डोक्याला मार बसला होता. परत क्रेनवर चढायचं की नाही, ते बाईंच्या अहवालावर ठरणार होतं.

“बाई, बायको म्हणते लग्नाचा वाढदिवस हे आधीपासूनच विसरतात. ते मार लागण्यात धरू नका हं.”

बाई हसल्या. त्यांनी टपालवाल्याची गोष्ट वाचली. क्रेनवाल्यानं नंतर ती घडाघडा सांगितली, अगदी काठी आणि दोरीसकट. बाईंना बरं वाटलं. माणूस शाबूत आहे. त्याला बाहेर बसायला सांगून, ‘कामावर जाण्यास हरकत नाही’ असं लिहून त्या सही करणार, एवढ्यात दाराशी ऐकत थांबलेली त्यांची मदतनीस चहा घेऊन आत आली.

“कमाल झाली ताई! सकाळी तर हा पुलाच्या पुढं गेलाच नव्हता.”

“सकाळी?”

“सकाळच्या परीक्षेत हो. डॉक्टरांनी दोनदा बघायला सांगितलं होतं ना? दमला होता बिचारा.”

“हो, हो,” परीक्षाबाई म्हणाल्या. “घाबरला होता सकाळी. सारखा दाराकडं बघत होता. मीच म्हटलं, पाणी पी आधी.”

मदतनीस मान डोलावून कप ठेवून गेली आणि बाईंनी पेन खाली ठेवलं. दाराकडं बघत होता? पाणी? सकाळ त्यांनी मनात चाचपून पाहिली. अंधाऱ्या खोलीत भिंतीवर हात फिरवावा आणि बटणच सापडू नये, तसं झालं. तिथं ना माणूस होता, ना आवाज. तरी तोंडातून शब्द कसे सरसर आले होते!

हे त्यांनीच या पोरीला शिकवलं होतं. मन भोक उघडं ठेवत नाही, ते ठिगळ लावतं. घडलं असेल ते घडलं म्हणून सांगतं, आणि सांगणाऱ्याला ते खरंच वाटतं. तो खोटारडा नसतो, म्हणून तर ओळखू येत नाही.

बाईंनी घाईघाईनं स्वतःचीच परीक्षा घेतली. टपालवाला, पूल, पिशवी, धोबीण. एक शब्द चुकला नाही. मग आकडे उलटे म्हणून पाहिले, चित्रं ओळखून पाहिली, सगळं बरोबर! आणि त्या बरोबर येण्यानंच त्यांना घाम फुटला. पाठ झालेली परीक्षा त्यांना कधीच नापास करणार नव्हती. आईसारखं सगळं निसटत गेलं असतं आणि टपालवाला तेवढा पुलावरून बिनघोर चालत राहिला असता.

दारात क्रेनवाल्याची बायको आली. तिचा चेहरा उजळला होता. “बाई, सोपं गेलं म्हणाले. सकाळचीच गोष्ट होती ना परत! आता जातील ना ते वर?”

बाईंच्या डोळ्यांसमोर क्रेनचा लांब हात आला, त्याला टांगलेली लोखंडी तुळई आली, आणि तिच्याखाली डबे उघडून बसलेली माणसं.

“जरा थांबा हं बाहेर,” त्या कशाबशा म्हणाल्या.

सही केली तर कुणाला कळणार नव्हतं. बायको खूश, डॉक्टर खूश. आणि सांगितलं तर खोली गेली, खुर्ची गेली. उद्यापासून त्याच टेबलाच्या पलीकडं बसायचं.

“ताई, सही झाली का? नेऊ?” मदतनीस परत आली होती.

बाईंनी कागद हाताखाली दाबून धरला.

“दार लाव. बस.”

“काय झालं ताई?”

“मी त्याला तीच गोष्ट दोनदा ऐकवली. हा अहवाल खोटा आहे.”

“अहो, होतं असं एखादवेळेस. कामाच्या गडबडीत…”

“गडबड नव्हती, पोरी. सकाळी तो माणूस या खोलीत आला होता, हे मला आठवतच नाही. घाबरला होता, पाणी पी म्हटलं, ते सगळं माझ्या तोंडानं आपोआप रचलं. आणि हे आजचं नाही. गेल्या महिन्यात मी आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभी राहून एका बाईला माझ्या घराचा रस्ता विचारला. घरी कुणाला बोलले नाही. तुला सांगते. मला भीती वाटते गं, फार भीती वाटते.”