उसना गळा

सेल्विनचा गळा सेल्विनचा नव्हताच. तो ‘ड्राय क्रीक’ बँडच्या गायकाचा होता, आणि हे आमच्या ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटी वस्तीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कचऱ्याचा ट्रक चालवताना त्या एकाच बँडच्या कॅसेटला साथ देत देत पठ्ठ्याने तो गळा असा काही उचलला होता, की खोकायचासुद्धा तसाच. गिटारही तिथूनच शिकला. बायका म्हणायच्या, डोळे मिटले की कोण गातंय तेच कळत नाही. सेल्विन हवेत. याहून मोठी शाबासकी ती काय?

मग तो गायक वारला. आमच्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत, त्याचा आवाज लावत नाहीत, घरचे ‘आता चालेल’ म्हणेपर्यंत. घराघरांतल्या कॅसेट पेट्यांत गेल्या. त्याची सख्खी बहीण एनिड आमच्याच वस्तीत दिलेली, सेल्विनची मामी. सेल्विननेही आपली कॅसेट मुकाट्याने सीटखाली सरकवली. पण गळ्याचं काय करायचं, हे त्या बावळटाच्या डोक्यातच आलं नाही.

फुटबॉलचा मेळावा तोंडावर आला होता. शेवटच्या संध्याकाळी दरवर्षी सेल्विनच गायचा. आठवडाभर आधी एका दुपारी मैदानावर तो माइक जोडून बघत होता, आणि ड्रम वाजवणारा त्याचा मावसभाऊ डॅरिल कंटाळून म्हणाला, “हॅलो हॅलो काय करतोस? गा की काहीतरी.”

सेल्विनने एक ओळ सोडली. बँडची नव्हे, स्वतः रचलेली. समोर दुकानाच्या दारात एनिड मामी पिठाची पिशवी घेऊन उभी होती. ती मटकन खाली बसली आणि तिने हंबरडा फोडला.

सेल्विनने माइक तिथेच टाकला. संध्याकाळी तो भाजायला कांगारूची शेपटी घेऊन तिच्या अंगणात गेला. मामी शेकोटीपाशी बसली होती.

“चुकलो, मामी. पण गाणं त्यांचं नव्हतं. माझंच होतं.”

“गाणं तुझं होतं रे. आवाज माझ्या भावाचा होता. मला वाटलं, आला.”

सेल्विनला रडू आवरेना. “मग मी गाणंच सोडतो.”

“गाणं सोड म्हटलं का मी?” मामीने शेपटी निखाऱ्यांत ढकलली. “त्याला सोड. आयुष्यभर गाऊन दमलाय तो, बाळा. जाऊ दे आता त्याला.”

डॅरिलला कळलं तेव्हा तो म्हणाला, “स्वतःच्या आवाजात गाणार? तो आहे का तुला?”

सेल्विनलाही तेच कोडं होतं. कचराडेपोवर ट्रकच्या काचा चढवून तो घसा फोडायचा, आणि दोन शब्द झाले की तिसऱ्याला तोच जुना गळा यायचा. स्वतःचा निघालाच तर जाडाभरडा, वडील कुत्र्यांना हाका मारायचे तसा. हा घेऊन चारचौघांत कसं उभं राहायचं? तेवढ्यात त्याला आठवलं, लहानपणी तो बँड त्याला आवडला कशासाठी. शहरी गायकांची नक्कल न करता तो माणूस आपल्या आजीच्या भाषेत, तिच्याच हेलात गायचा. इतकं सगळं घोटलं, आणि नेमकं तेवढंच शिकायचं राहिलं होतं.

मेळाव्याला एनिड मामी आली, पण थोडं बाजूला ब्लँकेट अंथरून मंचाकडे पाठ करून बसली. त्या पाठीवरून सेल्विनची नजर हलेना. पुन्हा तोच गळा निघाला तर ती उठून जाणार, आणि मग आपण कायमचे गप्प. त्याने डोळे मिटले आणि आपल्या आजीच्या भाषेत डेपोवरच्या कुत्र्यांचं गाणं धरलं. आवाज फाटला. पोरं फिदीफिदी हसली. डॅरिलने ठेका संथ केला, आणि सेल्विन तसाच, फाटक्या आवाजात पुढे गात राहिला. हसणारी पोरं हळूहळू नाचायला लागली.

गाणं संपलं. टाळ्या ओसरल्यावर मामीचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. ती शेजारणीला विचारत होती, “कोण गं हा? कुठल्या वस्तीचा?”

“अगं, तुझा सेल्विन.”

 मामी उठली, ब्लँकेट झटकलं, आणि मंचाकडे तोंड करून बसली.