चौदा नंबरची चिठ्ठी

मित्रांनो, माझ्या तोंडाला कुलूप नाही. कुलूप आहे ते माझ्या पोटाला. तोंड म्हणजे वरची बोटभर रुंदीची फट. तिच्यातून कुणीही, कधीही, काहीही टाकावं. भोरहून उत्रोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक भातगिरणी आहे, तिथली मी सूचनापेटी. वय सोळा वर्षं. लाकडाला ते काही फार नाही, पण या पावसाळ्यापासून मला फार जुनं झाल्यासारखं वाटतं. का, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

भोरच्या मुजफ्फर मिस्त्रींनी मला कपाट करून उरलेल्या सागवानी फळ्यांतून बनवलं. गिरणीचे मालक हनुमंतराव समोर स्टुलावर बसून होते. "मिस्त्री, आत कुणाचा हात जाता कामा नये," ते म्हणाले. मिस्त्री हसले. "हात जायचा न्हाई, शेठ. पर वरनं कुनी वाकून वाचलं तर?" मग त्यांनीच माझ्या पोटात एक तिरकी फळी बसवली. चिठ्ठी टाकली की ती घसरून मागच्या अंधारात जायची. हनुमंतरावांनी माझ्या कपाळावर पिवळ्या रंगानं लिहून घेतलं, 'नाव घालू नका. मनातलं लिहा.' मला पाण्याच्या पिंपाशेजारी टांगलं गेलं आणि खरं सांगते, मला फार भारी वाटलं.

आमच्या गिरणीत इंद्रायणी तांदूळ सडून, निवडून पाच-पाच किलोच्या पिशव्यांत भरतात. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी जाते. तिच्यावर तांदळाचं नाव, तारीख आणि कोपऱ्यात भरणाऱ्याचा नंबर छापलेला असतो. पिशवी वजनाला कमी निघाली तर कुणी भरली ते कळावं म्हणून. प्रत्येकाच्या टेबलावर त्याच्या नंबरच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. त्यामुळे आमच्या लोकांना एक सवयच जडली. भाजीची यादी असो, एसटीची वेळ असो, पोराच्या मास्तरांचा फोन असो, लिहायचं त्या चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूवर. माझ्या पोटात येणाऱ्या सूचनाही त्याच कागदावर यायच्या.

म्हणजे बघा, नाव घालू नका असं मी कपाळावर मिरवत होते आणि प्रत्येक चिठ्ठीच्या पाठीवर नंबर होता! पण सोळा वर्षांत कुणाला त्याची भीती वाटली नाही. कारण हनुमंतराव दर महिन्याच्या एक तारखेला जेवणानंतर सगळ्यांसमोर कुलूप उघडायचे, चिठ्ठी वाचायचे आणि तशीच न उलटता चहाच्या चुलीत टाकायचे. 'कोंडा डोळ्यात जातो' अशी चिठ्ठी आली आणि पंखा बसला. 'बायकांच्या मोरीला कडी नाही' अशी आली आणि दुसऱ्या दिवशी कडी लागली. एकानं तर लिहिलं होतं, 'शेठ, तुम्ही फार ओरडता.' ते त्यांनी मोठ्यानं वाचलं, सगळ्यांबरोबर हसले आणि पुढचे चार दिवस खरंच हळू बोलले. त्या दिवसांत मला कुणी ना कुणी येता-जाता पदरानं पुसायचं.

मग हनुमंतरावांचे गुडघे गेले आणि पुतण्या अमृत गिरणी बघू लागला. पुण्यात मोठ्या ऑफिसात काम करून आलेला. स्वभावानं वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. त्यानं सगळ्यांना सारखे टी-शर्ट आणले, वाढदिवसाला केक आणला. आणि मग आणलं टीम बिल्डिंग. महिन्यातून एका रविवारी सगळ्यांनी मिळून कुठंतरी जायचं, खेळायचं, एकमेकांना ओळखायचं. आता ही माणसं एकमेकांच्या लग्नात वाढपी होती आणि मयतीला खांदेकरी. पण अमृतनं ओळख करून घ्या म्हटल्यावर त्यांनी पुन्हा एकदा ओळख करून घेतली.

जूनमध्ये तोरण्याच्या पायथ्याशी सहल झाली. डोळ्यांना पट्टी बांधून सहकाऱ्यावर विश्वास ठेवून चालायचा खेळ झाला. भोरहून कामाला येणाऱ्या गुलफशाला मनापासून मजा आली. बांगड्यांच्या दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत राहणारी ती पोर, तिला डोंगर बघायला मिळाला होता. बाकीच्यांचे मात्र पाय दुखत होते आणि घरची कामं तुंबली होती. हे मला पिंपाजवळच्या बोलण्यातून रोज कळत होतं.

जुलैत अमृतनं फळ्यावर लिहिलं, 'दुसरा रविवार, वेल्हे, कृषी पर्यटन केंद्र, भातलावणीचा आनंद घ्या!' वाचून पाण्याचा ग्लास धरलेली चंद्राबाई तशीच उभी राहिली.

चंद्राबाई म्हणजे चौदा नंबरचं टेबल. पन्नाशीची, कमी बोलणारी, सातवीपर्यंत शिकलेली. तिच्यासकट गिरणीतल्या उत्रोलीच्या सात घरांची इर्जिक होती. इर्जिक म्हणजे सगळ्यांनी मिळून आज याच्या खाचरात लावणी करायची, पुढच्या खेपेला त्याच्या; ज्याचं खाचर, त्या दिवशी भाकर त्याच्या घरची. गिरणीला सुट्टी रविवारची, म्हणून यांची इर्जिकही रविवारची. आधीचे दोन रविवार चंद्राबाई दुसऱ्यांच्या चिखलात वाकली होती, त्यातला एक गिरणीतल्याच गोरखच्या. दुसरा रविवार तिचा होता. तिचा नवरा कोंडिबा कंबरेनं अधू. रोप तयार झालेलं. तो दिवस हुकला की तिची पाळी सगळ्यांच्या शेवटी जाणार आणि तोवर रोप जरड, लावण्यापलीकडचं होणार. वर्षाचं भात त्या एका रविवारावर अवलंबून होतं.

त्याच आठवड्यात अमृतनं सांगितलं, "सहलींबद्दल काय वाटतं ते मनमोकळं लिहा. कुणी लिहिलं ते मी शोधणार नाही. शब्द देतो."

जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ सगळे जमले. गोरख म्हणाला, "काकू, तुमी लिवा, रईवार नगं, लावनीचं दिस हायेत. आमीबी समदे त्येच लिवतो. एकाचं न्हाई ऐकायचा, अठ्ठावीस जनांचं ऐकंल का न्हाई?"

"पर नक्की लिवनार ना?" चंद्राबाईनं विचारलं.

"आवो, तुमच्या खाचराचा प्रश्न हाय. हे काय इचारनं झालं?"

चंद्राबाईनं तिथंच पिंपावर कागद टेकवून लिहिलं. सावकाश, ओठ हलवत. चिठ्ठी आत आली. मग बाकीच्यांच्या येऊ लागल्या. 'फार छान उपक्रम.' 'खूप मजा आली, पुन्हा न्या.' 'अमृतदादांचे आभार.' एकामागून एक, सत्तावीस. गुलफशाची खरी होती, ती मी धरत नाही. पण बाकीच्यांचं काय? गोरखनं लिहिलं होतं, 'लावणीला जायला आवडेल', आणि घडी अशी घातली होती की त्याचा नंबर वरच दिसावा. मी ओरडले असते, मित्रांनो. चंद्राबाईची चिठ्ठी बाहेर फेकून दिली असती. पण मिस्त्रींनी ती तिरकी फळी इतकी चोख बसवली होती की आत गेलेलं परत येत नाही.

एक तारखेची वाट न बघता अमृतनं शुक्रवारीच मला उघडलं. सगळे गोणपाटांवर बसले होते. छान, छान, छान असं वाचत गेला, टाळ्या पडत गेल्या. मग ती चिठ्ठी हाताला लागली. 'रविवार आमचा असतो. लावणीच्या दिवसांत आम्हाला दुसऱ्याच्या खाचरात खेळायला नेऊ नका. आमचं खाचर वाट बघतंय.'

अमृतचा चेहरा उतरला. मला वाटतं त्याला खरंच लागलं होतं. पण लागलं म्हणून शब्द मोडायचा का? त्यानं चिठ्ठी उलटली.

"चौदा नंबर," तो म्हणाला. "कोण आहे चौदा नंबर?"

त्याला ठाऊक होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. गोरख पायाच्या अंगठ्यानं गोणपाटाचा धागा उकरत होता. चंद्राबाईनं एकदा त्याच्याकडे बघितलं, मग आणखी दोघीतिघींकडे, आणि उठली.

"म्या हाय. ह्या रईवारी माझी इर्जिक हाय, दादा. तेवढा एक रईवार सोडा."

"काकू, सत्तावीस लोकांना आवडलंय आणि तुम्हाला एकटीलाच त्रास होतो? आपण इथे एक फॅमिली आहोत ना? येणं ऐच्छिक आहे, मी जबरदस्ती करत नाही. पण ज्याला टीमबरोबर यायचं नाही, त्याला टीममध्ये राहायचं नाही, असं मी समजेन."

चंद्राबाई खाली बसली. एवढंच झालं. कुणी कुणाला मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. पण हनुमंतरावांच्या चुलीत गेलेल्या सगळ्या चिठ्ठ्यांची मला त्या घडीला लाज वाटली. माझ्यावर भरवसा ठेवायची सवय मीच या बाईला लावली होती.

रविवारी मलाही गाडीत घेतलं. अभिप्राय तिथल्या तिथे हवे होते म्हणून. गोरखच्या मांडीवर बसून मी वेल्ह्याला गेले. पुढच्या सीटवर चंद्राबाई होती, दाराकडे तोंड करून. वाटेत तिचा मोबाईल वाजला. "न्हाई वो, कोन येनार? समदी हितं गाडीत हायती," एवढंच बोलून तिनं फोन ठेवला. पलीकडे कोंडिबा बांधावर उभा असणार. गाडीत सगळ्यांनी ते ऐकलं आणि गप्पा तशाच चालू ठेवल्या.

वेल्ह्याच्या त्या केंद्रात गवती टोपी घातलेला एक तरुण सगळ्यांना शिकवत होता. "काका, रोप असं तीन बोटांत धरा. बरोबर! वाकताना कंबर सांभाळा." गोरखनं मान डोलावली. वीस वर्षं लावणी केलेला हात त्यानं त्या तरुणाच्या सांगण्याप्रमाणे मुद्दाम वाकडा धरला. बायकांना व्हिडिओसाठी लावणीची गाणी म्हणायला लावली. गुलफशा चिखलात घसरून पडली आणि हसत सुटली. आणि चंद्राबाई? ती कुणाकडे न बघता लावत गेली. हात थांबेना. बाकीचे अर्ध्यावर असताना तिची ओळ बांधाला टेकली. मला ठाऊक आहे, तिच्या डोळ्यांसमोर ते खाचर नव्हतंच.

संध्याकाळी अमृतनं तिला सगळ्यांसमोर बोलावून कप दिला. सगळ्यात चांगला सहकारी म्हणून. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. त्याला वाटत होतं, काकूंचं मन बदललं. मनापासून खूश होता तो.

मग मला टेबलावर ठेवलं. लोक चिठ्ठ्या टाकून चहाकडे जाऊ लागले. चंद्राबाई आली, तेव्हा गोरख मागेच उभा होता. "काकू, पुढच्या रईवारी समद्यांना घिऊन येतो. आईशप्पत."

"नगं, गोरख. आमी दोगं लावू, हुईल तेवढं. तुमी आलात तर भाकर वाढताना मला तुमच्या तोंडाकडं बघवायचं न्हाई."

तिनं पेन उचललं. लिहिलं, 'कार्यक्रम फार चांगला झाला. सर्वांचे आभार.' आणि खाली, ठळक अक्षरात, पूर्ण नाव. आडनावासकट. माझ्या पोटात आलेली ती पहिली चिठ्ठी, जिच्यावर नाव होतं. ती घसरत मागे गेली आणि मला रडू आलं. लाकूड रडत नाही म्हणतात, पण त्या दिवशी माझे सांधे फुगले होते, तो नुसता पावसाचा ओलावा नव्हता.

आता मी पुन्हा पिंपाशेजारी आहे. पदरानं कुणी पुसत नाही. चंद्राबाई पाणी प्यायला येते, तेव्हा ती माझ्याकडे पाठ करून उभी राहते. तिचं अर्धं खाचर यंदा तसंच राहिलं. हे मी गोरखच्या तोंडून ऐकलं. तो ते दुसऱ्या कुणाला तरी हळू आवाजात सांगत होता.

मित्रांनो, मला रंग द्या, तेल लावा, असं मी म्हणणार नाही. तुम्ही उद्या मोठे व्हाल, तुमच्यातले काही अमृत होतील. कुणाला मनातलं विचाराल तर जे येईल ते ऐकायची तयारी ठेवून विचारा, नाहीतर विचारूच नका. पण तुमच्यातले पुष्कळसे गोरख होतील, म्हणून मला तुमच्याशीच जास्त बोलायचं आहे. अमृतला लावणीतलं काही कळत नव्हतं. तुम्हाला कळतं. शाळेत, गावात, कामावर तुम्ही कुणाला 'तू बोल, आम्ही आहोत' म्हणालात, तर तो बोलल्यावर उठून उभे राहा. त्या शुक्रवारी चंद्राबाई उभी होती आणि सत्तावीस माणसं गोणपाटांवर बसून होती. त्यांतली सहा तिच्याच इर्जिकीतली होती, आणि त्यांतल्या दोघांच्या खाचरांत तिनं लावलेलं भात आता चांगलं वीतभर वाढलं आहे.