‘येते’ म्हणायचं राहिलं

मित्रांनो, आमच्या घरी कधी आलात तर घंटीचे बटण शोधू नका, सरळ मला वाजवा. मी एक जुनी लोखंडी कडी आहे. दाराच्या बाहेरच्या अंगाला माझा मुक्काम.

लोहाराने मला भट्टीत लाल केले, ऐरणीवर ठोकले, पाण्यात बुडवले. तेव्हा फार रडू आले. पण घाव सोसल्याशिवाय लोखंडालाही नाद येत नाही, हे पुढे कळले. देवाने मला हात दिले नाहीत, पाय दिले नाहीत, नाद तेवढा दिला. त्या एका देण्यावर माझे आयुष्य सोन्याचे झाले.

या घरातले बाबा सायकली दुरुस्त करतात आणि आई दवाखान्याच्या खिडकीत औषधे देते. त्यांची एकुलती एक लेक भिंगरी. एका जागी पाय ठरत नाही म्हणून हे नाव. लहानपणी तिचा हात बटणापर्यंत पोचत नसे. मग ती मला धरून वाजवी. खण... खणखण! आतून आई म्हणे, “आलं आमचं वादळ!” पुढे भिंगरी उंच झाली, तिचे बोट बटणावर गेले आणि मला गंज चढू लागला. चालायचेच.

या उन्हाळ्यात ती पहिल्यांदाच एकटी, डोंगरातल्या शिबिराला निघाली. आईने तापाचे, पोटदुखीचे, मुंगी चावल्याचे, अशी औषधांची पिशवीच भरली.

“अगं, ही शिबिराला चाललीये की दवाखाना थाटायला?” बाबा म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा. भिंगरे, पाण्याकडे जायचं नाही. झाडावर चढायचं नाही.”

“आई, मग मी तिथे जाऊन करू काय?”

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बसचा भोंगा वाजला. भिंगरीने सामान उचलले, “जाते गं!” म्हणाली आणि धूम पळाली.

आईचा हात माझ्यावरच थिजला. निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावे. परत येण्याचे वचन उंबऱ्यावरच देऊन ठेवावे. “येते म्हण गं, येते!” आई ओरडली, पण बस वळली होती. तिची बोटे गार पडली. मी लोखंड, पण तो गारठा मलाही बाधला.

शिबिरात फोन न्यायचा नव्हता. “काही झालं तर आम्हीच कळवू,” असे तिथल्या ताईंनी सांगितले होते. आता सांगा, आईच्या कानात यातले काय राहणार? ‘काही झालं तर’ एवढेच! दवाखान्यात ती दिवसभर लोकांना धीर देई, “काळजी करू नका, बरं वाटेल.” स्वतःला मात्र तो डोस लागू पडत नसे. भाजीत मीठ दोनदा पडे.

“अहो, निघताना ‘जाते’ म्हणाली ती.”

“घाईत म्हणाली. शब्दानं काय होतंय?” बाबा म्हणत. पण तेही दुकान लवकर बंद करून येत आणि भिंगरीची पुसलेली सायकल पुन्हा पुसत बसत.

एके दिवशी सुतारकाका नवे कुलूप बसवायला आले. “वहिनी, ही गंजकी कडी काढून टाकू ना?”

माझ्या काळजाचे पाणी झाले.

“नको,” आई म्हणाली. “लेक घरी येईपर्यंत या दाराला हात लावायचा नाही.”

काका गेल्यावर तिने माझ्यावर कपाळ टेकले. “देवा, लेकराचा शब्द चुकला. तू अर्थ नीट ऐक.” इतकी साधी प्रार्थना मी कधी ऐकली नव्हती.

शिबीर संपले, त्या दिवशी बस यायची वेळ टळून गेली. बाबा नाक्यावर बघायला गेले. घंटी वाजली. आई धावली. दारात दूधवाला!

“ताई, चेहरा का पाडलात? शपथेवर सांगतो, आज पाणी नाही घातलं.”

तो वळला, आईने दार लावून घेतले, तोच ओळखीच्या बोटांनी मला धरले. खण... खणखण! अंगावरचा गंज झडला. दार उघडण्याआधीच आईला रडू फुटले होते.

“बटण सोडून कडी का गं वाजवलीस?”

“बटण काय, सगळेच दाबतात. मीच आलेय हे तुला कळायला नको?”

“आणि निघताना ‘जाते’ म्हणालीस ते?”

“बसमध्ये बसल्यावर आठवलं गं! मग रोज सकाळी डोंगराकडे तोंड करून ओरडायचे, ‘येते गं आई!’ ताईंना वाटलं, मी पळून जाणार. माझ्यावर पहारा बसवला!”

मागून सामान घेऊन आलेले बाबा हसता हसता बाहीने डोळे पुसू लागले. आईने हात जोडले. तिला जे ऐकू आले नव्हते, ते ज्याने ऐकायचे त्याने रोज ऐकले होते.

सुतारकाकांनी नवे कुलूप माझ्या खाली बसवले. मी आपल्या जागी आहे. भिंगरी आता शाळेला निघतानाही मला हात लावून “येते” म्हणते आणि आतून उत्तर येते, “ये हं!” बाबा मला सायकलचे तेल घालतात. मी धन्य आहे.

मित्रांनो, तुमच्या दाराच्या कडीचा गंज काढा, तिला तेल घाला. पण आवाज बंद होईल इतके घालू नका. दाराआड कुणीतरी त्याच आवाजाला कान लावून बसलेले असते.