हसनाबादची निर्यात

एका गरीब देशाला जागतिक व्यापारात कसं उतरवावं, याचा अभ्यास एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं काढला आणि त्याचं प्रमुखपद जालना जिल्ह्यातल्या हसनाबादच्या कारभारींच्या डॉक्टरेट मिळवलेल्या भारतला दिलं. गावानं त्याचा अर्थ असा लावला की भारत आता एका अख्ख्या देशाचा आडत्या झाला. भारतला याचा राग आला. पण दोनशे पानं लिहून झाल्यावर आपण नेमकं काय केलं, हे त्याला स्वतःलाही याहून सोपं करून सांगता येईना.

तो देश आफ्रिकेतला. नाव सांगत नाही. अहवाल लिहिणाऱ्यांनी आधीच त्याची पुरेशी शोभा केली आहे. भारत तिथं तीनदा जाऊन आला. दोन वेळा राजधानीतल्या हॉटेलात बसून बैठका घेतल्या आणि एकदा एका खेड्यात अर्धा दिवस काढला. त्या खेड्यातून त्यानं आईसाठी मधाची एक बरणी आणली. उषाबाईंनी ती फडताळात ठेवली होती आणि गल्लीत कुणीही खोकलं की बोटभर मध काढून देत होत्या, वर "माह्या भारतनं परदेशातून आणलाय" हेही सांगत होत्या. खोकला त्यामुळेच बरा होतो असं त्यांचं मत होतं.

अहवालात त्या देशाच्या अडचणी सविस्तर मांडल्या होत्या. रस्ते वाईट, बंदर लांब, कागदपत्रांचा घोळ. आणि पान एकसष्टवर भारतचं सगळ्यात आवडतं वाक्य होतं: ‘या देशातील उत्पादकांमध्ये व्यापारी दृष्टीचा अभाव आढळतो, विक्रीयोग्य माल ते आल्यागेल्याला फुकट वाटून टाकतात.’ त्याच्याच खाली, चौकटीत, अनुकरणीय उदाहरण म्हणून जालना जिल्ह्यातली मोसंबी होती. ‘येथे भाव ठरल्याशिवाय फळ हलत नाही.’ हे वाक्य लिहिताना भारतची छाती जरा फुगली होती, ते काही खोटं नाही.

अहवालावर त्या देशाच्या व्यापार खात्याच्या उपसचिव चिकोंदीबाई यांची सही हवी होती. बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. रस्त्यांवर लिहिलेलं त्यांनी मान्य केलं, बंदराचं मान्य केलं, त्यांच्याच खात्यातल्या चिरीमिरीबद्दल लिहिलं होतं तेही मान हलवून मान्य केलं. पान एकसष्टवर मात्र पेन थांबलं.

"हे वाक्य काढा," त्या म्हणाल्या.

"अभ्यासाला भावना चालत नाहीत, मॅडम," भारत म्हणाला.

"मग मला तुमचं जालना दाखवा. भाव ठरल्याशिवाय फळ हलत नाही, ते बघते आणि तिथंच सही करते."

भारत हो म्हणाला, कारण दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं. सही झाली तर पुढचा अभ्यास पाच देशांचा होता आणि त्याचं प्रमुखपद त्याला मिळणार होतं. नाही झाली तर हा अहवाल कपाटात जाणार आणि ते पद दिल्लीच्या एका सहकाऱ्याला मिळणार, जो गेले वर्षभर भारतच्या तब्येतीची जरा जास्तच आपुलकीनं चौकशी करत होता. भारतला ते पद हवं होतं. इतकं हवं होतं की रात्री झोप लागत नव्हती.

तसं घाबरायचं कारण नव्हतं. त्याचे वडील कारभारी हे विक्रीच्या बाबतीत पंचक्रोशीत बदनाम होते. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवण्याच्या काळापासून त्यांनी व्यापाऱ्यांना घाम फोडला होता. एकदा किलोमागं आठ आण्यांवरून त्यांनी बांधावर आलेला ट्रक रिकामा परत लावला होता आणि व्यापारी वळून पुन्हा येईपर्यंत झाडाखाली निवांत झोपले होते. अशा माणसाला व्यापारी दृष्टी नाही असं कोण म्हणेल?

तरी भारतनं फोनवरून सगळं पक्कं केलं. चुलते सर्जेराव गावातल्या मोसंबी गटाचे चेअरमन. बागेत पाहुणीसमोर दहा कॅरेटचा सौदा करायचा, खणखणीत भाव सांगायचा, घासाघीस करायची, पैसे मोजून घ्यायचे, असं ठरलं. सर्जेरावांनी तर रंगीत तालीमच घेतली. डोक्याला उपरणं आणि डोळ्याला गॉगल लावून ते स्वतः चिकोंदीबाई झाले.

"तेवीस रुपये किलो, जागेवर," कारभारी म्हणाले.

"अठरा," सर्जेराव बाई म्हणाल्या.

"अठरात साली भेटतील. चाला, उठा."

"वीस घ्या, बाईमाणूस आहे."

"बाईमाणूस आहे तर गॉगल काढून बोल."

तालीम इतकी रंगली की दोघे भाऊ दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. हे ऐकून भारत निर्धास्त झाला. सगळ्यांना सगळं सांगून झालं होतं. राहिल्या होत्या फक्त उषाबाई. ज्यांचा विषयाशी संबंध आहे त्या प्रत्येकाला विश्वासात घ्यावं, असं त्यानंच अहवालात लिहिलं होतं. पण आईचा आणि निर्यातीचा काय संबंध, असं त्याला वाटलं.

फेब्रुवारीतली सकाळ होती. मृग बहाराची फळं झाडावर पिवळी पडत होती. संभाजीनगरच्या विमानतळावरून गाडी निघाली तेव्हा भारतचा बेत साधा होता: आधी बाग, मग सौदा, मग सही, मग घरी जेवण. पण बागेची वाट घरावरून जाते आणि घराच्या दारात उषाबाई हातात ताट घेऊन उभ्या होत्या.

"माय, आधी बागेत जाऊन येतो, मंग..."

"दारावरून पाव्हणी तशीच नेतो व्हय? लय शिकला तू." उषाबाईंनी स्वतःच गाडीचं दार उघडलं. "लेकरं किती तुमाला?"

भारतनं विचारून सांगितलं, तीन. उषाबाईंना तेवढी माहिती बस झाली. त्यांनी बाईंना पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं आणि खण, नारळ, गहू घेऊन ओटी भरायला पुढं झाल्या. बाईंच्या अंगात सुटाचा कोट. पदर आणायचा कुठून? उषाबाईंनी कोटाचेच दोन्ही घोळ त्यांच्या हातात धरायला दिले आणि त्यात ओटी भरली. बाई हसल्या, गहू खाली सांडू नयेत म्हणून कोट गच्च धरून बसल्या. नाव काय, ते उषाबाईंनी दोनदा विचारलं आणि स्वतःपुरतं ‘चिकूताई’ करून घेतलं.

भारत घड्याळाकडे बघत उभा होता. आईचं सगळं लवकर उरकलं याचा त्याला आनंदच झाला. काय उरकलं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

बागेत मात्र सगळं ठरल्यासारखं होतं. कॅरेट भरून रांगेत लावलेली, वजनकाटा मांडलेला, सर्जेराव इस्त्रीच्या सदऱ्यात. कारभारी झाडाखाली ताठ उभे, ट्रक परत लावणाऱ्या माणसाच्या ऐटीत. बाई जवळ आल्या.

"बापू, मॅडम भाव विचारून राह्यल्या," भारत म्हणाला.

कारभारींनी तोंड उघडलं. मग त्यांचं लक्ष बाईंच्या कपाळाकडे गेलं. तिथून ते कोटाच्या फुगलेल्या खिशाकडे गेलं, ज्यातून खणाचं टोक बाहेर आलं होतं.

"ओटी भरली का हिची?" त्यांनी हळूच विचारलं.

"भरली. मायनं."

"मंग?"

"मंग काय, बापू? तेवीस सांगा ना. तालीम झाली ना?"

"तालमीत सर्ज्या होता," कारभारी म्हणाले. "त्याची कुणी ओटी भरल्ती? लेकीला भाव सांगू मी? माह्याच बांधावर उभं राहून?"

"काय म्हणतात?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"म्हणतात, भाव कमीजास्त होऊ शकतो," भारतनं भाषांतर केलं.

बाईंनी मान डोलावली आणि पर्स उघडली. कालच बदलून घेतलेल्या कोऱ्या नोटा त्यांनी पुढं केल्या. कारभारींनी दोन्ही हात पाठीमागे नेले. बाईंनी नोटा सर्जेरावांपुढे धरल्या, तर चेअरमन उलट्या पावलांनी चालत आळ्यात पडता पडता राहिले.

"काका, तुमी तरी!" भारत कळवळला.

"भारत, तू मोठा माणूस हायेस, पण हे बिलकुल जमणार न्हाई," सर्जेराव सदरा झटकत म्हणाले. "गाव तोंडात शेण घालील. अरे, डिकी उघडा रे! दहा न्हाई, बारा टाका. अन् दोन कलमं बी द्या, दारात लावील बिचारी."

"कलमं नेता येत नाहीत, काका. रोपांना परदेशात जायला कागद लागतेत."

"माहेरचं झाड न्यायला कागद?" सर्जेरावांना हे खरोखर पटलं नाही.

गाडीची डिकी भरली, मागची सीट भरली, टायर बसले. भाव मात्र शेवटपर्यंत कुणी उच्चारला नाही. चिकोंदीबाई झाडाच्या सावलीत उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. भाषांतराची गरज त्यांना केव्हाच उरली नव्हती.

"तुमचे वडील घासाघीस फार कडक करतात, डॉक्टर," त्या म्हणाल्या.

भारतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आपले वडील थोडे लोभी असते तर किती बरं झालं असतं.

जेवायला घरी आले. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी, पुरणाची पोळी. पोळी वाढता वाढता उषाबाईंना काहीतरी आठवलं आणि त्या फडताळाकडे गेल्या. भारतनं ते बघितलं. तो "माय, राहू दे" म्हणेपर्यंत बरणी पंगतीत आली होती.

"तुमच्याच मुलखातला हाय, चिकूताई," उषाबाई म्हणाल्या आणि तळाशी उरलेला सगळा मध त्यांनी पाहुणीच्या पोळीवर ओतला.

बाईंचा हात थांबला. बरणीच्या तोंडाला निळ्या-पिवळ्या कापडाची चिंधी अजून बांधलेली होती. त्यांनी बरणी उचलून ती चिंधी बोटांनी चाचपून पाहिली. त्या अर्ध्या दिवसासाठी भारतला त्या खेड्यात त्यांनीच नेलं होतं. ते त्यांचं गाव होतं. दारात उभं राहून ही बरणी भारतच्या हातात देणारी म्हातारी त्यांची आई होती. आणि त्याच संध्याकाळी हॉटेलवर परतून भारतनं पान एकसष्टचं वाक्य लिहिलं होतं.

"डॉक्टर," बाई म्हणाल्या, "माझ्या आईला याचे तुम्ही किती दिले?"

"काय म्हणती रे लेक?" कारभारींनी विचारलं.

मध छान आहे, असं सांगून मोकळं होता आलं असतं. दुभाष्याला ती सोय असते आणि भारतनं सकाळपासून ती वापरलीही होती. पण बाई थेट त्याच्याकडे बघत होत्या आणि त्याला आता स्वतःचीच शरम वाटायला लागली होती.

"बापू, हा मध यांच्या मायनं दिल्ता. त्या विचारून राह्यल्या, मी किती पैसे दिले."

कारभारींचा घास हातातच राहिला. "अन् तू द्याया गेल्ता का पैसे?"

"न्हाई."

"मंग बराबर केलं. तिच्या दारात तू लेक. लेकाकडून कुणी पैसे घेत असतेत का?"

भारतला क्षणभर हायसं वाटलं. मग लक्षात आलं की याचंही भाषांतर करायचं आहे. त्यानं केलं, एकही शब्द न बदलता. तोवर उषाबाई भारतवरच घसरल्या.

"तिच्या मायची बरणी, अन् तू मला सांगितलं न्हाई? वर्षभर माह्या फडताळात पडून राह्यली! दुसऱ्याचं भांडं असं ठेवून घेत असतेत?" त्यांनी बरणी उचलली, मोरीवर नेऊन घासली, पदरानं पुसली आणि लिंबाचं लोणचं भरायला घेतली. रिकामी बरणी परत पाठवायची नसते, हे त्यांनी कुणाला समजावूनही सांगितलं नाही.

चिकोंदीबाईंनी हात धुतले, बॅगेतून अहवाल काढला आणि पान एकसष्ट उघडून भारतच्या ताटाशेजारी ठेवलं.

"मी सही करते. वाक्यही काढू नका. अभ्यासाला भावना चालत नाहीत, हे तुमचं खरं आहे. फक्त ‘या देशातील’च्या पुढं ‘आणि जालना जिल्ह्यातील’ एवढे शब्द घाला. पुरावा डिकीत आहे." त्यांनी पेन पुढं केलं. आवाजात राग नव्हता, त्यामुळे भारतला जास्तच लागलं.

पाच देश त्या पेनाच्या टोकावर होते. तीन शब्द लिहायचे आणि खालची चौकट खोडायची, बस. त्यानं पेन हातात घेतलं. ते कागदावर टेकेना.

"कशाचा कागद हाय?" कारभारींनी मान वर करून विचारलं.

"यात लिहायचंय, बापू, की यांच्या मायसारख्यांना अन् जालन्याच्या माणसाला बी धंदा कळत न्हाई. माल फुकट वाटून टाकतेत."

आठ आण्यांसाठी ट्रक परत लावणारा तो म्हातारा लालबुंद झाला. मोडलेली भाकरी त्यानं ताटात टाकली. आपल्याला, आणि समोर बसलेल्या लेकीच्या आईला असं बोलणारा माणूस त्याला आत्ताच्या आत्ता समोर हवा होता.

"असं कोण म्हणून राह्यला? नाव सांग त्याचं!"

स्वयंपाकघरात उषाबाई बरणीला तीच निळी-पिवळी चिंधी पुन्हा बांधत होत्या.

"मी," भारत म्हणाला.