हयात मावशीची पाटी

भाची सकाळपासून अर्धी आनंदात, अर्धी भीतीत होती. आज जुन्या टेलिफोन केंद्रासमोर मावशीच्या नावाची पाटी लागणार होती! कित्येक वर्षांपूर्वीच्या महापुरात इथली ऑपरेटर असलेली मावशी गुडघाभर पाण्यात बसून नदीकाठच्या घराघरांत फोन लावत राहिली, म्हणून अर्धं गाव वाचलं. जिल्ह्याची वारसा समिती अशा पाट्या गावोगावी लावायची. नियम एकच, माणूस हयात नको. आणि मावशी तर चांगली ठणठणीत! ती केव्हाच भाचीकडे शहरात राहायला गेलेली, त्यामुळे समितीत कुणाला पत्ताच नव्हता. भाचीनंही अर्ज करताना चक्क गप्प बसणं पसंत केलं. मावशीची नजर अधू होत चालली होती. वाचता येतंय तोवर तिनं आपली पाटी वाचावी, एवढीच भाचीची तळमळ.

सोहळा आटोपल्यावर तिला गुपचूप आणायचं ठरलं होतं. पण मावशी कुठली ऐकायला! ठेवणीतले कपडे घालून पहिल्याच रांगेत हजर.

समितीच्या अध्यक्षांनी पडदा ओढला. टाळ्यांचा नुसता कडकडाट! "आपल्या दिवंगत..." त्यांनी सुरुवात केली.

"अहो, मी इथंच बसलेय की!" मावशी उठून उभी राहिली.

भाचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अध्यक्ष नियमाला पक्के. "मग पाटी उतरवावी लागेल," ते म्हणाले आणि त्यांनी मिस्त्रीला पाना घेऊन पुढे बोलावलं.

"चूक माझी आहे!" भाची ओरडली. "मला काय हवं ते बोला, पण तिला एकदा वाचू द्या!"

मावशीनं बोट ठेवून सगळी पाटी वाचली. "बरोबर आहे," ती म्हणाली, "पण सोपं नव्हतं हो. गिरणीमागची बाई फोनच उचलेना. उचलला तर मलाच झापलं! पोराला दात येतायत, आत्ता कुठं डोळा लागलाय, परत वाजवलास तर बघ, म्हणे. मी वाजवतच राहिले. शेवटी चिडून निघाली बिचारी, पोराला घेऊन."

गर्दीत खसखस पिकली. अध्यक्ष मात्र हसले नाहीत.

"पिवळ्या दाराचं घर?"

"तेच. सकाळी तिथं नुसतं जोतं उरलं होतं."

अध्यक्षांनी मिस्त्रीच्या हातातून पाना काढून घेतला. "ते पोर मी," ते कसंबसं म्हणाले, आणि पाटीचे बोल्ट स्वतःच आणखी घट्ट आवळायला लागले.